तिसऱ्या पानावरची अळी

जानेवारीत नागपूरवर दोन दिवस सलग आभाळ धरलं की माझ्या बाल्कनीत पाहुणे येतात. थंडी मऊ पडते, वारा बंद होतो, ऊन असून नसल्यासारखं. सकाळी चहाचा कप घेऊन मी वालाच्या कुंडीपाशी जाते, कोवळा शेंडा हातात घेते आणि बोटांना चिकटतं. पान उलटून पाहावं तर खाली काळी गर्दी. मोहरीच्या दाण्याहून बारीक जीव, एकमेकांना खेटून बसलेले, हलत नाहीत, डुलत नाहीत, नुसते पीत असतात. मावा.

"आलास का?" असं मी त्याला दर वर्षी विचारते. एकट्या राहणाऱ्या बाईनं कुणाशी तरी बोलावंच लागतं, आणि मावा उलट उत्तर देत नाही.

खालच्या मजल्यावरची शेजारीण मोठी तत्पर. तिला सुगावा लागला की ती औषधाची बाटली घेऊनच वर येते. "काकू, दोन फवारे मारा, उद्या एक दिसणार नाही." मी म्हणते, थांब जरा, आठ दिवस थांब. ती माझ्याकडे बघते आणि बाटली परत घेऊन जाते. जिन्यात ती काय पुटपुटते ते मला ऐकू येत नाही, पण अंदाज आहे.

हे थांबणं मी कुठे शिकले, ते तिला एकदा सांगायला हवं. सांगायचं म्हटलं तर पन्नास वर्षं मागे जावं लागेल, जरीपटक्याच्या अलीकडे असलेल्या आमच्या गल्लीत. आणि सांगताना माझी एक जुनी लबाडीही बाहेर येईल, म्हणून आजवर सांगितलं नाही.

अकरा घरांची गल्ली होती. अकरा घरं, अकरा अंगणं आणि प्रत्येक अंगणात बांबूच्या मांडवावर चढवलेला वालाचा वेल. साऱ्या वेलांचं बी एकच. ते गोदामावशीनं मौद्याकडच्या तिच्या माहेरातून पदराच्या गाठीत बांधून आणलं होतं. दिवाळीनंतर वेल फुलायचे. जांभळी फुलं, मग जांभळट काठाच्या चपट्या शेंगा. माघी पौर्णिमेला गल्लीच्या टोकाच्या विहारात सगळ्यांचं एकत्र जेवण असायचं. विहार म्हणजे चार भिंती आणि वर टिनाचं छत, पण आम्हाला तो महालाएवढा वाटे. जेवणात ज्वारीची भाकर आणि वालाच्या शेंगांची भाजी, बस. अट एकच होती, शेंगा अकराही अंगणांतल्या पाहिजेत. विकतच्या चालत नसत. पातेल्यात प्रत्येक घराची टोपली रिकामी झाल्याशिवाय फोडणी पडायची नाही. आमच्या आयांच्या पिढीनं ही रीत कधी पाडली कोण जाणे. आम्ही मोठे झालो ते ती पाळतच.

माझे बाबा शेतकी कचेरीत टंकलेखक होते. शेतीशी त्यांचा संबंध इतकाच, की शेतकऱ्यांनी काय करावं हे ते दिवसभर टाईपरायटरवर बडवत असत. मेणकागदावर मजकूर टाईप करायचा, मग तो कागद सायक्लोस्टाइलच्या रुळावर चढायचा आणि गावोगावी वाटायची पत्रकं निघायची. त्यातली काही पानं बिघडत. शाई फासली जायची, ओळ तिरकी यायची, कोपरा दुमडायचा. अशी बिघडलेली पानं बाबा साहेबांना विचारून घरी आणत. एका बाजूला किडी, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर माझा सगळा अभ्यास झाला. माझ्या अपूर्णांकांच्या मागे तुडतुडे होते आणि लसावि-मसाविच्या मागे पिठ्या ढेकूण. शाई जाड असली की आरपार दिसायची आणि माझ्या आठाच्या पोटात उलटे 'फुलकिडे' येऊन बसायचे. सायक्लोस्टाइलच्या शाईचा तो उग्र तेलकट वास मला अजून कुठे आला, तर पहिल्यांदा सातवीचं गणित आठवतं आणि मग बाबा.

पत्रकांतली चित्रं वेगळी, दुसरीकडे छापून यायची. ती कधी बिघडत नसत, म्हणून आमच्या घरी आली नाहीत. त्यामुळे बाबांना शंभर किडींची नावं, लक्षणं आणि उपाय मुखोद्गत होते, पण यातली एकही समोर आली असती तर ओळख पटली असती की नाही, शंकाच आहे. शिवाय टाईप करण्याचा त्यांचा एक नियम होता, आणि तो ते अभिमानानं सांगत. "टाईप करताना वाचायचं नाही. वाचलं का बोटं अडखळतात. अक्षर दिसलं, कळ दाबली." या नियमामुळे त्यांच्या टायपिंगमध्ये चूक सापडत नसे. या नियमामुळेच पुढचं सगळं झालं.

गल्लीत मात्र त्यांचा दबदबा होता. कुणाच्या मिरचीची पानं मुरडली, कुणाच्या गुलाबावर पांढरं आलं, की लोक फांदी तोडून आमच्याकडे घेऊन येत. बाबा चष्मा चढवत, पानांच्या गठ्ठ्यातून एक पान काढत आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवत. आई आतून म्हणायची, "डाक्टरसाहेब, पेशंट संपले असतीन तं दळण आणता का?"

छापील अक्षरावर त्यांचा जीव होता, आणि त्याला कारण होतं. आमच्या आजोबांना अक्षरओळख नव्हती. गावात कुणीही यायचं, तोंडी काहीही सांगायचं, आणि उद्या शब्द फिरवायचं. बाबा तरुण असताना घरच्यांसोबत छप्पन साली दीक्षेला उभे राहिले आणि त्याच वर्षी टायपिंगच्या वर्गाला बसले. या दोन गोष्टी त्यांच्या मनात एकच होत्या. "तोंडचा शब्द फिरते, मंदे. कागद फिरत नाही." हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलं की मला वाटायचं ते कुठल्यातरी पत्रकातच असावं.

मी सातवीत होते त्या वर्षी पौषात आभाळ आलं ते हटेचना. पाऊस नाही, ऊन नाही, नुसतं मळकट आकाश. चौथ्या दिवशी आमच्या वेलाचे शेंडे काळे दिसायला लागले. आठवड्यात अकराही मांडवांवर मावा उतरला. पानं तेल लावल्यासारखी चिकट झाली, आणि त्या गोडव्याच्या ओढीनं मुंगळ्यांची रांग बांबूवरून वर चढू लागली. फुलं गळून अंगणात पडायची. आई ती झाडताना रोज मोजल्यासारखी बघायची आणि म्हणायची, "पौर्णिमेले काय टाकाव वं पातेल्यात?"

माव्याच्या जोडीला आणखी एक प्राणी दिसत होता. नखाएवढी लांबट अळी, काळी, अंगावर काटेरी खरखरीत, पाठीवर नारिंगी ठिपके. सहा पायांवर तुरुतुरु चालायची. दिसायला इतकी दुष्ट, की माव्यासारख्या गरीब जिवाला हिनंच नादी लावलं असेल, असं कुणालाही वाटावं.

रविवारी बाबांनी गठ्ठा सोडला आणि पान सापडलं. पान क्रमांक तीन. वरच्या बाजूला शाई फासलेली होती, पण अक्षरं स्पष्ट होती. बाबांनी ओट्यावर उभं राहून वाचलं, "या अळ्या काळसर, लांबट असून पाठीवर नारिंगी ठिपके असतात. माव्याने ग्रासलेल्या शेंड्यांवर त्या मोठ्या संख्येने आढळतात." त्याखाली लगेच पुढचं, "अळ्या हाताने वेचून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकाव्यात." बाबांनी कागद खाली केला आणि गल्लीकडे पाहिलं. इतकं तंतोतंत वर्णन! सरकारनं आमच्याच मांडवाखाली उभं राहून लिहिल्यासारखं.

मग मोहीम निघाली. डबड्यात पाणी, वर रॉकेलची निळसर साय, आणि आम्ही पोरीसोरी मांडवांखाली. जोडीला तंबाखूचा अर्क. तो करायला तंबाखू दिली गोदामावशीनं. मावशी आमच्या समोरच्या घरात राहायची, एकटी. नवरा कधीच गेलेला, मुलगी मौद्याला दिलेली. ती बिड्या वळायची. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आपल्या वेलाच्या मांडवाखाली पोतं टाकून बसायची, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि जर्दा. सुपाच्या तळाशी उरलेला तंबाखूचा चुरा तिनं बाबांना पोतडीभर दिला. बाबांनी तो साबणाच्या पाण्यात उकळला. दोन दिवस सगळी गल्ली शिंकत होती.

मावशीनं आपल्या वेलावर मात्र अर्क शिंपडू दिला नाही. "दिवसभर थो जर्दा मीच हुंगून राहिली ना भाऊ. वेलाले तरी सुखानं राहू द्या." बाबा हसले. रोज संध्याकाळी कचेरीतून येताना ते तिच्या दारात सायकलची घंटी वाजवत, एक पाय जमिनीवर टेकवून तिच्या हातचा काळा चहा पीत आणि मगच घरी येत. ती त्यांना भाऊ म्हणायची. राखी, ओवाळणी असलं काही नव्हतं. तो चहाच होता.

अळ्या वेचण्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. माझी बोटं बारीक, नजर तेज. बाकीची पोरं किळस करत, मी चिमटीत धरून पटकन डबड्यात सोडायची. संध्याकाळी बाबा डबडं हलवून बघत आणि सगळ्यांसमोर म्हणत, "हात लय साफ आहे माह्या पोरीचा." माझे बाबा असं कधी बोलत नसत. परीक्षेत पहिली आले तरी "बरं झालं" इतकंच. त्या एका वाक्यासाठी मी गल्लीतली शेवटची अळी शोधून काढायला तयार होते.

तिसऱ्या दिवशी मी डबडं घेऊन मावशीच्या अंगणात शिरले.

"थांब वं पोट्टे," ती बिडीवरचा दोरा दातानं तोडत म्हणाली. "हात नको लावू. आधी पाय."

"काय पाहू?"

"बस इथं. मी रोज पाह्यतो थेच पाय."

मी बसले. मान वर करून एका शेंड्याकडे बघत राहिले. एक अळी माव्याच्या गर्दीत शिरली, एकाला पकडलं, उचललं, आणि चोखायला लागली. माव्याचे पाय थोडा वेळ हलले. मग अळीनं त्याचं रिकामं टरफल टाकलं आणि दुसरा धरला. मग तिसरा. आम्ही मुलं हुरड्याचे दाणे खातो तशी ती खात होती, एकामागून एक, घाई नाही, पण थांबणंही नाही. त्याच पानावर एक लाल टिकलीवाला किडा होता, ज्याला आम्ही नुसतं टिकली म्हणायचो आणि तळहातावर चालवायचो. टिकलीसुद्धा तेच करत होती.

"पाह्यलं?" मावशी म्हणाली. "आता बापाले सांग जा."

मी मान हलवली आणि घरी आले. बाबा कचेरीतून आले, डबडं मागितलं. मी दिलं. "हात लय साफ आहे," ते म्हणाले. मी गप्प बसले.

आज त्या गप्प बसण्याला मी बरीच कारणं देऊ शकते. कागदावर छापलेलं खोटं कसं असेल, हे कळत नव्हतं. बाबांना खोटं पाडायची भीती होती. ही कारणं खरीच आहेत, पण पहिलं कारण ते डबडं होतं. मला दुसऱ्या दिवशीही ते वाक्य हवं होतं, आणि मी दुसऱ्या दिवशीही वेचायला गेले. फक्त मावशीच्या अंगणात गेले नाही.

मावशीनं दोन दिवस वाट पाहिली. मग स्वतःच उठली. बाबा सायकलवरून उतरत होते, नळावर बायका होत्या, गल्ली भरलेली होती.

"भाऊ, त्या अळ्या मारणं बंद करा. थ्या मावा खातेत."

"गोदाबाई, कागदात लिवलं आहे. अळ्याच मावा आणून राहिल्या."

"म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं."

"सरकारी पत्रक आहे. छापील."

"सरकारनं माह्या मांडवाखाली बसून पाह्यलं का?"

नळावर हशा पिकला. बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. राग आला की ते तसं करत. "तुमाले वाचता येत नाही, म्हणून तुमाले ते समजत नाही," ते म्हणाले.

हे बोलायला नको होतं. नळावरचं हसू बंद झालं. मावशी शांतपणे म्हणाली, "ऐतवारी विहारात काय सांगता भाऊ तुमी आमाले? कोनी सांगतलं म्हणून मानू नोका, सोता पाहा, तपासा, मंग माना. थे काय आमच्यापुरतंच हाये? तुमच्यासाठी नाही?"

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. भर दिवसा तिचं दार लागलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर बाबा गल्लीच्या मागच्या टोकानं यायला लागले. तिकडून वळसा पडायचा, नाली ओलांडायला सायकल खांद्यावर घ्यावी लागायची, पण मावशीच्या दारावरून यायचं नाही. संध्याकाळची घंटी बंद झाली. आईनं एकदा वाटी देऊन मला मावशीकडे पिठी आणायला पाठवलं, तेव्हा बाबा वर न बघता म्हणाले, "घरात नसन तं दुकानातून आण." त्या दिवशी आईनं बाबांना चहा दिला तो दाणकन ठेवला.

वेलांचं म्हणाल तर ते दिवसेंदिवस बसत चालले. अर्कानं चार दिवस मावा कमी वाटला, मग दुपटीनं आला. आम्ही राखण करणारेच वेचून टाकले होते, मग काय होणार? चिकट पानांवर काजळीसारखी बुरशी धरली. दहा अंगणांत शेंगा कोवळ्या असतानाच वाळून मुरडल्या. फक्त मावशीचा वेल हिरवागार होता, घोसांनी लवलेला, आणि त्याच्याकडे बघायची कुणाची छाती नव्हती. पौर्णिमा आठवड्यावर आली. बाबा रात्री जेवताना दोन घास कमीच खायचे.

मी एका दुपारी मावशीकडे गेले. तिनं सूप बाजूला ठेवलं नाही, पण सरकून जागा दिली.

"सांगतलं बापाले?"

मी नाही म्हटलं.

मला वाटलं आता ही रागावणार. तिनं हात लांब करून आपली रिकामी काडेपेटी उचलली आणि माझ्या मांडीवर टाकली. "मंग एक ठेव हिच्यात. रोज माव्याचं पान देत जाय. पाय काय होते तं."

मी तिच्या वेलावरची एक अळी उचलली. मारायला शंभरेक उचलल्या होत्या, जगवायला ही पहिलीच. काडेपेटी मी दप्तरात ठेवली, कंपासपेटीच्या खाली. शाळेत मधल्या सुट्टीत उघडून बघायची. दोन दिवस तिनं खाल्लं. तिसऱ्या दिवशी ती पेटीच्या कोपऱ्यात शेपटीनं चिकटली, आखडली आणि नारिंगी गोळी होऊन बसली. मला वाटलं मेली. हीसुद्धा माझ्याच हातानं. मी पेटी टाकूनही दिली असती, पण मावशी विचारेल म्हणून ठेवली.

पाचव्या दिवशी सकाळी ऊन पडलं. बऱ्याच दिवसांनी पडलं होतं. मी ओट्यावर पेटी उघडली तर गोळी फुटलेली, आणि तिच्यावर एक किडा बसलेला, पिवळा, ओला, ठिपक्यांशिवाय. मी बघत राहिले. हळूहळू त्याचा पिवळा रंग शेंदरी झाला आणि पाठीवर एकेक काळा ठिपका वर आला, पाण्याखालून काही वर यावं तसा. टिकली! ज्या अळ्यांना आम्ही रॉकेलमध्ये बुडवलं, त्या या टिकल्यांची पोरं होती.

बाबा दाढी करत होते. मी पेटी तशीच उघडी त्यांच्यासमोर धरली. आधी काय होतं, काय खात होतं, मग काय झालं, ते सांगितलं. मावशीच्या अंगणात मी काय पाहिलं होतं आणि कधी पाहिलं होतं, ते मात्र गिळलं. बाबांनी साबण लावलेल्या तोंडानं बराच वेळ पेटीत पाहिलं. टिकली त्यांच्या अंगठ्यावर चढली, नखापर्यंत गेली आणि उडाली. ते तसेच उठले, अर्धी दाढी पुसली आणि कचेरीला लवकर निघून गेले.

संध्याकाळी ते आले तेव्हा हातात दोन कागद होते. कचेरीच्या फायलीतलं जुनं पत्रक त्यांनी काढून पाहिलं होतं. पान क्रमांक दोन आमच्या घरी कधीच आलं नव्हतं, कारण ते बिघडलं नव्हतं. स्वच्छ निघालेलं पान घरी कसं येणार? त्या दुसऱ्या पानाच्या अगदी तळाशी मथळा होता, 'मित्रकीटक'. त्याखाली, "माव्याचा फडशा पाडणाऱ्या ढालकिड्यांच्या अळ्यांना कृपया मारू नये." ढालकिडे म्हणजे आमच्याच टिकल्या. तिथं पान संपत होतं. "या अळ्या काळसर, लांबट असून" हे तिसऱ्या पानावर होतं. आणि वेचून टाकायचं होतं ते त्याच्या पुढच्या परिच्छेदातल्या शेंगा पोखरणाऱ्या भलत्याच अळीला.

"मीच टाईप केलं होतं हे," बाबा आईला म्हणाले. "ह्याच हातानं. 'मारू नये' हे मीच टाईप केलं." त्यांनी बोटं पाहिली, जशी ती दुसऱ्याची असावीत. मला त्यांची इतकी माया आली की मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी लावली.

दुसरा कागद त्यांनी साहेबांच्या परवानगीनं कचेरी सुटल्यावर बसून टाईप केला होता. कार्बन घालून अकरा प्रती. ज्याचा दबदबा छापील कागदावर उभा होता, त्या माणसानं आपली चूकही छापूनच काढली. तोंडी सांगून भागलं असतं, पण तोंडचा शब्द फिरतो ना! दिवे लागायच्या वेळी इस्त्रीचा शर्ट घालून ते निघाले, मी कंदील घेऊन मागे. प्रत्येक दारात ते उभे राहिले, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचून दाखवलं, प्रत हातात दिली. कुणी हसलं, कुणी म्हणालं, "जाऊ द्या ना साहेब, किडेच तं होते." बाबा म्हणाले, "नाही. ऐकून घ्या." आमचं घर धरून दहा दारं झाली. अकराव्या दाराशी त्यांनी बटण लावलं आणि परत सोडलं.

मावशी दारात आली. बाबांनी कंदील वर धरायला सांगितला आणि वाचलं.

"शुद्धिपत्रक. विषय, वालावरील अळ्यांबाबत. काळ्या रंगाच्या व पाठीवर नारिंगी ठिपके असलेल्या अळ्या मावा आणतात असे यापूर्वी सांगण्यात आले, ते चुकीचे आहे. सदर अळ्या मावा खातात व मोठेपणी त्यांच्या टिकल्या होतात. त्यांना कोणीही मारू नये. श्रीमती गोदावरीबाई यांनी हे वेळीच सांगितले होते. खाली सही करणाराने ते ऐकले नाही व त्यांचा अवमान केला. कुमारी मंदा हिने हे प्रथम आपल्या डोळ्यांनी पाहून दाखवून दिले. चूक सर्वस्वी टंकलेखकाची आहे. झालेल्या नुकसानीबद्दल तो दिलगीर आहे. प्रत माहितीसाठी, गल्लीतील अकरा घरे."

माझं नाव आलं तेव्हा मावशीनं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. कोण कधी कुठे बसून काय पाहत होतं, ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी कंदिलाच्या वातीकडे बघत राहिले.

मग ती बाबांना म्हणाली, "भाऊ, किड्याईले वाचता येते का?"

"नाही," बाबा म्हणाले.

"मंग हे माह्या वेलाले बांधून ठेवतो. त्याईच्या वतीनं म्या घेतलं." तिनं तो कागद गुंडाळला, बिडीच्या दोऱ्यानं मांडवाच्या बांबूला बांधला आणि आत वळून म्हणाली, "चहा ठेवू का? किती दिसाचे कप बाकी राह्यले तुमचे, मोजा." बाबा हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत उभे राहिले.

पौर्णिमेला मावशीनं आपला वेल रिकामा केला. शेंगा एका अंगणाच्या होत्या आणि खाणारी अकरा घरं. मग रीत कशी राखायची? मावशीनंच तोड काढली. तिनं शेंगांचे अकरा वाटे घातले, एकेका घरच्या टोपलीत टाकले आणि म्हणाली, "बी माह्यंच होतं ना सारं? मंग आता आपआपली टोपली घेऊन या." अकरा टोपल्या विहारात आल्या आणि पातेल्यात रिकाम्या झाल्या. बटाटे घालून भाजी वाढवली. तिखट जास्त झालं होतं, मला आठवतं. बाबा चार भाकरी जेवले.

त्या आठवड्यात आम्ही मुलांनी उलटी मोहीम काढली. मावशीच्या वेलावरच्या अळ्या काडेपेट्यांत घालून दहा मांडवांवर नेऊन सोडल्या. उशीर झाला होता, तरी फाल्गुनात आमच्या वेलाला दोन-चार नवे धुमारे फुटले. मांडवावरचं शुद्धिपत्रक उन्हानं पिवळं पडून होळीपर्यंत तसंच फडफडत होतं.

गल्ली आता तशी राहिली नाही. विहार पक्का झाला, अंगणं गाड्यांनी खाल्ली. मावशी गेली, मग बाबा गेले. त्यांच्या पेटीत तो गठ्ठा निघाला, माझ्या सगळ्या गणितांसकट. त्यात एक पान वेगळं होतं, स्वच्छ, न फासलेलं. पान क्रमांक दोन. बाबांनी ते साहेबांकडून मागून आणलं होतं. ते एकच पान असं होतं, की त्याच्या मागे त्यांनी मला कधी गणित करू दिलं नाही. "ते राहू दे कोरं," म्हणायचे. का, ते मी विचारलं नाही.

आज सकाळी बाल्कनीतला मावा पाहिला, स्टूल ओढून बसले, आणि दहा मिनिटांत पहिली अळी दिसली. आली कुठून ही, पाचव्या मजल्यावर? मी आत जाऊन ते पान काढलं आणि कोऱ्या बाजूवर, शाळेत लिहायची तसं शिसपेन्सिलीनं लिहिलं:

"शुद्धिपत्रक. कुमारी मंदा हिने हे प्रथम पाहून दाखवून दिले, असे जे लिहिण्यात आले आहे, ते अर्धेच खरे आहे. पाहिले होते. दाखवायला दहा दिवस लावले, कारण तिला रोज संध्याकाळी शाबासकी हवी होती. मावशीला हे माहीत होते. तिने कधी सांगितले नाही. दिलगीर आहे."

आणि खाली डाव्या बाजूला, ते लिहायचे त्याच जागी: प्रत माहितीसाठी, बाबा.